पहिली विनंती टाइमआउट, दुसरी नीट? केबल बदलू नका

बोरिवलीच्या सोसायटीतल्या टाकीबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मास्टर (प्रश्न विचारणारं यंत्र) दर पाच मिनिटांनी आरएस-४८५ या सीरियल लाइनवरून टाकीवरच्या तुमच्या लिनक्स बोर्डाला, म्हणजे स्लेव्हला, पाण्याची पातळी विचारतो, पहिली विनंती टाइमआउट होते, लगेच पाठवलेली दुसरी चालते. ऑटोसस्पेंड (ठरावीक वेळ काम नसेल तर पोर्ट आपोआप झोपवणं) बंद केलं की तक्रार गायब, पण बॅटरी रात्र काढत नाही. घाटकोपरला आम्ही अगदी हेच भोगलंय, तेही गच्चीवर, ऐन पावसाळ्यात.

ते चालू करायला पॉवर कंट्रोलला 'ऑटो' करणं वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

पोर्ट झोपलं की यूआर्टचं (चिपमधल्या सीरियल पोर्ट चालवणाऱ्या भागाचं) क्लॉक बंद असतं. मास्टरच्या पहिल्या बाइटचा स्टार्ट बिट आला की आरएक्स (डेटा आत येण्याच्या) पिनवरचा वेकअप इंटरप्ट लागतो, ड्रायव्हरचं रिझ्यूम (पोर्ट जागं करणारं फंक्शन) चालतं, क्लॉक सुरू होतं, रजिस्टरं पुन्हा भरली जातात. तोवर तो बाइट गेलेला असतो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर साधारण १ मिलिसेकंदाचं, १,१५,२०० ला ८७ मायक्रोसेकंदांचं, त्यामुळे वेग वाढवाल तर एकाच्या जागी अनेक बाइट जातील. या लाइनवरच्या मॉडबस आरटीयू प्रोटोकॉलमध्ये पहिला बाइट म्हणजे स्लेव्हचा पत्ता. तो गळला की सीआरसी (फ्रेम, म्हणजे अख्खा संदेश, नीट आला का ते तपासणारा आकडा) जुळत नाही आणि स्लेव्ह गप्प राहतो. दुसऱ्या विनंतीच्या वेळी पोर्ट जागंच असतं.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते मॉड्यूल विकणाऱ्यांचं सपोर्ट ऑफिस. नाव घेत नाही. आधी केबल बदलायला लावली, मग टर्मिनेशनचा रेझिस्टर, मग बॉड रेट. शेवटी 'आमच्या टेबलावर असं होत नाही' असं लिहून तिकीट बंद! त्यांची टेस्ट स्क्रिप्ट हट्टानं मागून घेतली, तर ती दर सेकंदाला विचारणारी आणि ऑटोसस्पेंडचा विलंब ३ सेकंदांचा. म्हणजे त्यांच्या टेबलावर पोर्ट एकदाही झोपलेलं नव्हतं. हे दाखवल्यावर उत्तर आलं, 'विलंब वाढवा'. अहो, पाच मिनिटांच्या अंतराला सहा मिनिटांचा विलंब दिला तर पोर्ट कायम जागं राहणार, मग बॅटरीचं काय? तोवर इकडे वॉचमन भर पावसात टाकीचं झाकण उघडून पाणी बघत होता. कोणी 'आमच्याकडे होत नाही' म्हणालं की आधी विचारा, तुमच्याकडे रनटाइम स्टेटस 'सस्पेंडेड' झालं होतं का?

तुम्ही स्वतः मोजा. लॅमिंग्टन रोडला आठ चॅनेलचे स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर मिळतात, पिनांवरचे सिग्नल वेळेसकट टिपणारे. एक चॅनेल आरएक्सवर लावा. रिझ्यूम कॉलबॅकच्या शेवटी एक जीपीआयओ (मोकळी पिन) वर करा आणि दुसरा चॅनेल त्यावर. स्टार्ट बिटची उतरती कड आणि जीपीआयओची चढती कड यांतलं अंतर म्हणजे तुमचा जागं होण्याचा वेळ. तो आकडा हातात आला की वाद मिटतो.

माझ्या मते याला ड्रायव्हरमध्ये उपाय नाही, गेलेला बाइट कुठूनही परत आणता येत नाही. मास्टर तुमच्या हातात असेल तर त्याला आधी एक फालतू बाइट पाठवायला लावा, मग थांबायला लावा: जागं होण्याच्या वेळेपेक्षा आणि साडेतीन अक्षरांच्या शांततेपेक्षा जास्त (९६०० ला ही शांतता साधारण ४ मिलिसेकंद), पण ऑटोसस्पेंडच्या विलंबापेक्षा कमी. त्यानंतर खरी फ्रेम. बाकीचे स्लेव्ह तो एकटा बाइट टाकून देतात. मास्टर बदलता येत नसेल तर पोर्ट जागं ठेवा आणि वीज दुसरीकडे वाचवा.

उत्तराचा शेवटचा बाइट तुटतोय असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो वेगळा आजार आहे, दोन्ही एकत्र करू नका. फिफो (पाठवायच्या बाइटांची रांग) रिकामा झाला म्हणजे शिफ्ट रजिस्टर (तारेवर एकेक बिट सोडणारं) रिकामं झालं असं नाही. सस्पेंड कॉलबॅकमध्ये टीईएमटी बिट (दोन्ही रिकामी झाली हे सांगणारा) बघा. तो लागलेला नसेल तर मार्क लास्ट बिझी (झोपेचं घड्याळ पुन्हा शून्यापासून) करून 'बिझी' हा एरर परत करा, कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. आरएस-४८५ चा ड्रायव्हर एनेबलही (लाइनवर पाठवणं चालू ठेवणारा सिग्नल) तोवर सोडायचा नाही. रिसीव्हच्या इंटरप्टमध्येही मार्क लास्ट बिझी हवंच, नाहीतर फ्रेम अर्ध्यावर असताना पोर्ट झोपेल.

आणखी एक, यावर मतभेद असतील. स्टार्ट टीएक्स (पाठवणं सुरू करणारं फंक्शन) स्पिनलॉक धरून चालतं, तिथे थांबून पोर्ट जागं करता येत नाही, म्हणून बरेच जण 'आयआरक्यू सेफ' (इंटरप्ट बंद असतानाही जागं करता येईल अशी खूण) लावून मोकळे होतात. लावू नका. त्यानं पेरेंट डिव्हाइस (पोर्ट ज्याच्यावर अवलंबून आहे ते वरचं डिव्हाइस) कायम जागं राहतं आणि बचतीवर पाणी पडतं. लिनक्स ६.५ पासून सीरियल कोअरच पोर्टला आधी जागं करून मग ट्रान्समिट सुरू करतो. जमलं तर त्या किंवा पुढच्या कर्नलवर या.

तुमचा चिप मी पाहिलेला नाही, त्यामुळे रजिस्टरांची नावं डेटाशीटमधून पडताळून घ्या. आणि हे प्रयोग कन्सोलच्या पोर्टवर करू नका, तिथे कर्नलचे मेसेज इंटरप्ट बंद असतानाही येतात. कर्नलची आवृत्ती आणि अ‍ॅनालायझरवरचा आकडा इथे टाका, पुढचं बघू.