जूनमध्ये एकाच फेरीत रोहतांगला सायकलिंग आणि स्कीइंग दोन्ही जमेल का? दर रविवारी सिंहगड मारतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसलोय. मनालीच्या बसमध्ये माझा मामेभाऊ रात्रभर हेच म्हणत होता: सिंहगड जमतो, मग रोहतांगचा चढ काहीच नाही.

आकड्यांत तो चुकला नव्हता. मनाली साधारण २०५० मीटरवर, रोहतांग खिंड ३९७८ वर, मधे ५१ किलोमीटर. सरासरी चढ चार टक्क्यांच्याही आत. सिंहगडाचा रस्ता याहून कितीतरी उभा. पण सिंहगड जेमतेम तेराशे मीटरवर संपतो. रोहतांगला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. रविवारच्या सरावाने त्याची सवय होत नाही.

बसमधून उतरलो आणि दुसऱ्याच पहाटे निघालो. वाटेतलं कोठी, गुलाबा मजेत गेलं. मढीला त्याने मॅगी मागवली आणि दोन घासांत प्लेट बाजूला सारली. हा माणूस ताटात शीत ठेवत नाही. मी तिथेच थांबवायला हवं होतं. राणी नाल्याजवळ तो उतरला आणि हँडलवर कपाळ टेकून उभा राहिला. हेल्मेटचं बकल त्याला सुटेना, बोटं नुसती चाचपडत होती. मग उलटी झाली. खिंड समोर दिसत होती. मी त्याला उतारावर सायकल चालवू दिली नाही. खाली जाणाऱ्या पिकअपमध्ये दोन्ही सायकली टाकल्या. कोठी येईपर्यंत तो नीट बोलायला लागला.

तो अजूनही लग्नकार्यात सगळ्यांना सांगतो, "हा घाबरला, म्हणून राहिलं." हो, घाबरलो होतो. डोकं ठणकतंय, उलटी झालीये आणि तरी वर चढायचं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्यावर खाली उतरणं हाच इलाज. दोन वर्षांनी मी एकटा गेलो. मनालीत तीन रात्री काढल्या, एक दिवस मढीपर्यंत जाऊन परत आलो, मग वर गेलो. डोकंसुद्धा दुखलं नाही.

स्कीइंग जूनमध्ये विसरा. वर उरलेल्या बर्फावर भाड्याच्या स्की घालून फक्त फोटो निघतात. शिकायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत मनालीजवळच्या सोलंगला जा. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे कोर्सही तेव्हाच असतात. त्या दिवसांत खिंड बंद असते, म्हणजे फेऱ्या दोन.

उंची प्रत्येकाला वेगळी लागते, तुम्हाला कदाचित काहीच होणार नाही. शिवाय २०२० मध्ये खिंड टाळून जाणारा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लेहकडचे ट्रक तिकडून जातात, त्यामुळे खिंडीचा रस्ता सायकलला बराच मोकळा झालाय. पण सोबतच्याने मढीला जेवण टाकलं तर तिथूनच मागे फिरा, मग तो पुढे वर्षानुवर्षं काहीही म्हणो.