कृष्णद्रव्य: उरलेले की साचलेले?

प्रश्न: विश्वाच्या सुरुवातीला कृष्णद्रव्याचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे) कण एकमेकांना भिडून नष्ट होत होते, तर आज ते उरले कसे?

उत्तर: प्रसरणामुळे. विश्वाचे तापमान, ऊर्जेत मोजले तर, कणाच्या वस्तुमान-ऊर्जेच्या साधारण विसाव्या भागापर्यंत उतरले, की कण इतके विरळ होतात की भिडायला जोडीदारच सापडत नाही. नाश थांबतो, उरलेली संख्या गोठते. आंतरक्रिया जितकी प्रबळ, तितके द्रव्य कमी उरते. गफलत होते ती नेमकी इथे: हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. ‘फ्रीझ-इन’ प्रारूपात, म्हणजे कण सुरुवातीला जवळपास नसतातच आणि हळूहळू तयार होतात अशा कल्पनेत, सगळे उलटे. युग्मांक (आंतरक्रियेची ताकद सांगणारा अंक) साधारण १० च्या उणे ११ व्या घाताइतका क्षीण असतो, त्यामुळे कण भोवतालच्या उष्ण कणांशी समतोलात येतच नाहीत, थेंबथेंब साचतात. युग्मांक वाढवला तर द्रव्यही वाढते. असे कण शोधकयंत्रात पकडणे मात्र सहसा महाकठीण.