बोटीवर राहायला जाताय? आधी मूरिंगचा करार वाचा

इंग्लंडमध्ये नॅरोबोटीत (कालव्यांतल्या लांब, अरुंद बोटीत) राहायला जाताय ना, मग बोटीच्या रंगरूपाआधी मूरिंगचा, म्हणजे बोट बांधायच्या जागेचा, करार बघा. बोट कायम एकाच जागी, घर म्हणून बांधलेली असेल तर कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) लागतो, बहुधा सर्वांत खालच्या 'ए' बँडचा. एकटे राहत असाल तर २५ टक्के सवलत मागून घ्या. कायमची जागा नसलेल्यांना हा कर नाही, पण एका ठिकाणी सहसा १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पक्का पत्ता नसण्याची किंमत २०२२-२३ च्या हिवाळ्यात कळली. सरकारची ४०० पौंडांची वीजबिल मदत निवासी मूरिंगवाल्यांना अर्ज करून मिळवता आली; फिरत्या बोटींवरचे बहुतेक लोक कोरडेच राहिले. थंडी काय त्यांना कमी वाजते? मला हा सरळ अन्याय वाटतो.

तेव्हा कराची बिलं, मूरिंगच्या पावत्या जपून ठेवा. धक्क्यावरच्या खांबात कार्ड घालून वीज घेत असाल तर युनिटचा दर विचाराच; मरीनाला (बोटी बांधायच्या गोदीला) ती स्वतः भरते त्याहून जास्त दर लावायची मुभा नाही. लाल डिझेल (लाल रंग घातलेलं, करसवलतीचं डिझेल) भरताना इंजिनाला किती, शेगडी-हीटरला किती, ते खरं सांगा. घरगुती भागावर कर कमी पडतो. उत्पन्न तुटपुंजं असेल तर युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्यातून) मूरिंगचं भाडंही मागता येतं.