आधी क्रेडिट्सचं बघ, बॅग नंतर भर

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, कॉम्प्युटर. आमच्या कॉलेजचं जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीशी टायअप आहे आणि थर्ड इयरला एक सेमिस्टर तिकडे जाता येतं. तिकडची फी नाही म्हणतात, मग बाबा विचारतात सहा लाख कशाला दाखवायचे. मैत्रिणी म्हणतात प्लेसमेंट हुकेल, एक सर म्हणाले वर्ष वाया जाईल. जाऊ का नको?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: अगं जा की! पण सर म्हणाले त्यात थोडं तथ्य आहे हां, फक्त वर्ष वाया जातं ते जाण्याने नाही, कागद न करता जाण्याने.

माझा भाचा असाच गेला होता. जाताना विषयांची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या, लर्निंग अॅग्रीमेंट म्हणतात त्याला, सगळं व्यवस्थित. तिकडे गेल्यावर कळलं की दोन विषय फक्त जर्मनमधून शिकवतात, मग याने दुसरे घेतले, पास पण झाला, पण बदललेल्या यादीवर इकडची सही घेतलीच नाही. परत आला तर ते दोन विषय कॉलेजने धरलेच नाहीत आणि स्वारी ज्युनियर पोरांबरोबर पेपर देत बसली. त्यामुळे विषय बदलला की त्याच आठवड्यात मेल आणि सही. आणि तिकडे परीक्षेसाठी बहुतेक ठिकाणी वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, तारीख गेली की गेली, आपल्यासारखं लेट फी भरून चालत नाही. क्रेडिट्सचं गणितही वेगळं, तिकडे सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातली क्रेडिट्स, धरतात, एक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही आला. आपल्या वीस-बावीस क्रेडिट्सशी ते कसं जुळवणार हे आत्ताच लेखी घे. मार्क पण उलटे, १.० सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास. भाच्याचं १.३ बघून भावजींनी कपाळाला हात लावला होता.

आता वेळापत्रक, खरी गोची इथेच आहे. तिकडे विंटर सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च, लेक्चर्स साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. समरची लेक्चर्स एप्रिल ते जुलै. आपलं कॅलेंडर दोन्हीशी जुळत नाही. मला विचारशील तर पाचव्या सेमला विंटरला जा, परत येईपर्यंत इकडचं सहावं सेम सुरू झालेलं असेल, दीड-दोन महिने बुडतील, त्या हजेरीचं आधी बोलून ठेव. पण समरला गेलीस तर जुलैमधे तिकडच्या परीक्षा आणि इकडे प्लेसमेंटची धावपळ एकदमच येईल.

बाबांना सांग की सहा लाख खर्च नाही, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला ठेवायचे असतात. महिन्याला ९९२ युरो हा २०२४ पासूनचा आकडा, सहा महिन्यांचे ५,९५२, आणि ते दर महिन्याला तुलाच परत मिळतात, राहायला-खायला. स्कॉलरशिप मिळाली तर त्या पत्रावर भागू शकतं, म्हणून आधी तिथे अर्ज टाक. एक्स्चेंजमधे तिकडची ट्यूशन फी नसते पण इकडची कॉलेज फी चालूच राहते, शिवाय दर सेमिस्टरला युनिव्हर्सिटीत भरायचं सेमिस्टर काँट्रिब्यूशन, इन्शुरन्स, विमानाचं तिकीट वेगळं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचंय म्हणजे नॅशनल व्हिसा, मुंबईची अपॉइंटमेंट लवकर घे, पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. होस्टेलचा अर्ज तर अॅडमिशन लेटर आल्या आल्या टाक, खोलीचे हाल असतात तिकडे.

प्रश्न: मुलगी पहिल्यांदाच एवढ्या लांब, जर्मनीला चाललीये. सोबत काय काय देऊ?
— एक आई, नाशिकरोड

उत्तर: वहिनी, पेढे आणि घरचं तूप अजिबात नको. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, एअरपोर्टवर काढून घेतात, जीव तुटतो. चिवडा, मेतकूट, गोडा मसाला, मिसळीचा मसाला द्या. आणि रविवारी तिकडे दुकानं बंद असतात हे तिला सांगा, शनिवारी संध्याकाळीच दूध-ब्रेड आणून ठेवायचं. कुकर छोटाच द्या, तीन लिटरचा पुरतो.