मोबाईल घराजवळ आला की दिवा-कूलर सुरू आणि लांब गेला की बंद, हे भरवशानं जमतं का?

जमतं, पण सगळं एकट्या मोबाईलवर सोडलं तर नाही. तुम्ही लिहिलंय की उदगीरला घरापासून दुकान जेमतेम दोनशे मीटरवर आहे, जीपीएसवर लावलेला पोर्चचा दिवा कधी लागत नाही तर कधी तुम्ही दुकानात बसलेले असताना लागतो, आणि आता ब्लूटूथवर जावं का. मी नांदेडला घरांच्या वायरिंगसोबत हीही कामं करतो. तुमच्या ॲपला दोष देण्यात अर्थ नाही, दोनशे मीटर हे अंतरच जीपीएसच्या कामाचं नाही.

फोन घराभोवती जे अदृश्य कुंपण आखतो त्याची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा, असं गूगलच सांगतं. स्लॅबखाली उपग्रह नीट दिसत नाहीत, मग फोन आजूबाजूचे वायफाय आणि टॉवर धरून जागेचा अंदाज बांधतो. वर बॅटरी वाचवायला अँड्रॉइड ८ पासून मागे चालणाऱ्या ॲपला ठिकाण फार कमी वेळा कळवलं जातं, म्हणून निरोप दोन-तीन मिनिटं उशिरा येतो. ऑफिस दहा-बारा किलोमीटरवर असणाऱ्याला हे जाणवतही नाही. आपल्याकडं घर, दुकान, बँक, शाळा सगळं एकाच कुंपणात बसतं. त्यामुळे जीपीएसला एवढंच काम द्या: लातूरहून, नांदेडहून परत येताना गावाच्या अलीकडं दोन किलोमीटरवर आलात की कूलर सुरू.

आता ब्लूटूथ. ते अंतर मोजत नाही, सिग्नल किती जोरात येतोय तेवढंच बघतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप) उतरतो. पण या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, पाणी त्यांना शोषून घेतं, आणि माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. खिशात फोन ठेवून तुम्ही नुसती पाठ फिरवली तरी दहा-बारा डेसिबल जाऊ शकतात, म्हणजे यंत्राला वाटतं माणूस तिप्पट-चौपट लांब गेला. जुनं माळवदाचं घर असेल तर हात-दीड हात जाडीच्या भिंतीपलीकडं काही पोचत नाही. वर पत्रे असतील तर लहरी आपटून भलतीकडंच जातात. म्हणून ‘दोन मीटरवर आलो की दिवा’ असली मागणी ब्लूटूथकडं करूच नका. जागोजागी ईएसपी३२चा बोर्ड (वायफाय-ब्लूटूथ असलेलं छोटं सर्किट) लावायचा, घरातली उपकरणं चालवणाऱ्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरला ईएसप्रेसेन्स (या बोर्डांवर चालणारं, ब्लूटूथचा सिग्नल टिपणारं सॉफ्टवेअर) जोडायचं, आणि कोणत्या बोर्डाला सिग्नल सगळ्यात जोरात येतोय एवढंच विचारायचं. ‘आला’ आणि ‘गेला’ यांच्या मर्यादाही वेगळ्या ठेवा: समजा सिग्नलचा आकडा उणे ७०च्या वर आला की जवळ, आणि उणे ८५च्या खाली सलग तीन-चार मिनिटं राहिला तरच गेला. एकच आकडा ठेवला की दिवा उघडझाप करत बसतो. फोन गुपित राखायला आपला ब्लूटूथ पत्ता साधारण पंधरा मिनिटांनी बदलतो, तेव्हा किल्लीच्या जुडग्यात सीआर२०३२ या बटणाएवढ्या सेलवर चालणारं छोटं बीकन (सतत ब्लूटूथची खूण पाठवणारं यंत्र) अडकवलेलं बरं.

मात्र खरी गोम वेगळीच आहे. फोन म्हणजे माणूस नव्हे. घरोघरी आईचा फोन देवघरापाशी चार्जिंगला आणि आई मागच्या अंगणात. तुम्ही दुकानात गेलात म्हणून आत झोपलेल्या वडिलांचा कूलर बंद झाला, तर दुपारी फोन तुम्हालाच येणार! सुरू करायला एका माणसाची खूण पुरे, पण बंद करताना खोलीलाच विचारा: आत कुणी आहे का?

तिथंही आपलं ऊन आडवं येतं. माणसाची हालचाल टिपणारा स्वस्त पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक बघतो. मे महिन्यात खोलीच ३५-३६ अंशांवर गेली की त्वचा आणि भिंत जवळपास सारख्या तापलेल्या असतात, आणि तो आंधळा होतो. शिवाय झोपलेला, न हलणारा माणूस त्याला एरवीही दिसत नाही. त्यापेक्षा एलडी२४१० सारखा २४ गिगाहर्ट्झचा छोटा रडार बरा, श्वासानं हलणारी छातीसुद्धा पकडतो. त्याचा ताप असा की फिरता पंखा किंवा कूलरच्या वाऱ्यानं हलणारा पडदा त्याला माणूस वाटतो. त्यात अंतराचे ७५-७५ सेंटीमीटरचे टप्पे असतात. जिथं पंखा येतो त्या टप्प्याची संवेदनशीलता उतरवा, तोंड पलंगाकडं करा.

लाईटचं गणित आधीच मांडा. राऊटर आणि होम असिस्टंट इन्व्हर्टरवर घ्या. बरेच स्मार्ट बल्ब लाईट परत आली की रात्री तीन वाजताही पूर्ण उजेडानं पेटतात. ॲपमध्ये लाईट आल्यावर काय करायचं ते बदलता येतं. बोर्डही तेव्हा नव्यानं सुरू होतात आणि घरात कुणीच नाही असं सांगतात, म्हणून पहिली पाच मिनिटं कोणताही ‘बंद’ पाळायचा नाही असा नियम घाला. कूलरचा स्मार्ट प्लग पुढं-मागं गिझरसाठी वापराल तर तो १६ अँपिअरचाच घ्या. २००० वॅटचा गिझर नऊच्या आसपास अँपिअर ओढतो.

दाराचं कुलूप मात्र यात आणू नका. ब्लूटूथचा सिग्नल मध्ये यंत्र ठेवून लांबवता येतो, दाराला वाटतं मालक आला. अल्ट्रा-वाइडबँड हे वेगळं रेडिओ तंत्र लहरीला पोचायला लागलेला वेळ मोजतं, त्यामुळे ते जास्त भरवशाचं, २०१९च्या आयफोन ११ पासून काही फोनांत आहे. पण पोर्चच्या दिव्यासाठी तो खर्च कशाला?

तुमच्यापुरतं सांगायचं तर एक बोर्ड, एक बीकन, आणि ‘सूर्यास्तानंतरच’ ही अट. बोर्ड गेटकडच्या खिडकीत ठेवा, लोखंडी शटरमागं नको. आणि भिंतीवरचा बटणाचा बोर्ड काढू नका, पाहुण्यांकडं बीकन नसतं.