पुढचा शब्द बघितल्याशिवाय उत्तर लिहू नकोस

इंग्रजीतले धिस, दॅट, धीज, दोज हे चार शब्द पाठ व्हायला वेळ लागत नाही. घोळ होतो तो वाक्यात त्यांची जात (सर्वनाम की विशेषण) ओळखताना. 'धिस इज माय पेन' इथे धिस एकटा उभा आहे, म्हणून दर्शक सर्वनाम. 'धिस पेन इज माइन' मध्ये त्याला नाम चिकटलं, की तो विशेषणाचं काम करतो. सम, मेनी, फ्यू यांनाही हीच कसोटी लाव. समवन, एव्हरीवन ही मात्र सरळ अनिश्चित सर्वनामं, क्रियापद एकवचनी: 'एव्हरीवन इज हिअर'.

मला सगळ्यात जास्त दॅटने छळलं. 'आय नो दॅट ही लेफ्ट' यात तो 'ते' नाही, 'की' आहे. म्हणजे दोन वाक्यं जोडणारं उभयान्वयी अव्यय. शंका आली की मराठीत अर्थ लावून बघ.