ऑनलाइन कोर्स करून क्यूजीआयएस आणि पायथन खरंच शिकता येतं का? सुरुवात कुठून करावी?

हो, येतं. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर आणि पायथन ही संगणकाला कामं सांगण्याची भाषा. मी तशीच शिकले आणि आता मराठवाड्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी याच सॉफ्टवेअरवर नकाशे करते. तुम्ही लिहिलंय की भूगोलात एम.ए. झालंय, तालुक्याच्या गावी राहता, पुण्यातल्या क्लासची फी झेपणारी नाही आणि कोडिंग कधी केलेलं नाही. यातलं काहीच आड येत नाही. उलट समोच्च रेषा, प्रक्षेपण, पाणलोट हे सगळं तुमच्या डोक्यात आधीच आहे. बटणं कुठे आहेत एवढंच शिकायचं राहिलंय.

कोर्सचं आधी सांगते. स्पेशियल थॉट्स या संस्थेचं अभ्याससाहित्य इंटरनेटवर मोफत खुलं आहे. त्यात क्यूजीआयएसची ओळख, त्याचा पुढचा टप्पा, जीडीएएल (नकाशांच्या फाइली कापण्या-बदलण्याची साधनं), नकाशाकामासाठी पायथन, पायक्यूजीआयएस (क्यूजीआयएस पायथनने चालवणं) असे भाग आहेत आणि सरावाचा डेटाही सोबत मिळतो. त्यांचे थेट वर्ग आणि प्रमाणपत्र यांना पैसे पडतात, साहित्याला नाही. मी तुमच्या जागी असते तर इथूनच सुरू केलं असतं. उपग्रह प्रतिमांची मूळ संकल्पना पक्की करायची असेल तर डेहराडूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे इस्रोच्या संस्थेचे, ऑनलाइन वर्ग चांगले आहेत. इंग्रजी ऐकताना अडखळत असाल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसची मालिका आहे. प्रकल्पाचे बरेच धडे मराठीतही आहेत, कोणत्या धड्याला मराठी आवाज आहे ते भाषा निवडून बघा. पण कोर्स गोळा करत बसू नका. एक निवडा आणि तो संपवा.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक धडा दोनदा करा: एकदा त्यांनी दिलेल्या डेटावर आणि लगेच दुसऱ्या दिवशी तुमच्या तालुक्याच्या डेटावर. क्यूजीआयएसच्या अधिकृत प्रशिक्षण पुस्तिकेतला सरावाचा डेटा दक्षिण आफ्रिकेतल्या स्वेलेंडॅम गावाच्या परिसराचा आहे. तो नीट साफ केलेला असतो, लेअर, म्हणजे नकाशाचे थर, एकमेकांवर बरोबर बसतात, धडा संपतो आणि आपल्याला जमलं असं वाटतं. आपल्याकडच्या डेटावर तेच करायला घेतलं की खरं शिक्षण सुरू होतं.

उदाहरण देते. तुम्ही नाल्यापासून ५०० मीटरचा पट्टा काढायला जाता. लेअर अक्षांश-रेखांशात असला तर ते ५०० मीटर न राहता ५०० अंश होतात आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं. आधी लेअर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, आणावा लागतो. पण कोणत्या झोनमध्ये, म्हणजे त्याच्या कोणत्या उभ्या पट्ट्यात? ७८ अंश पूर्व रेखावृत्त महाराष्ट्रातून जातं. त्याच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला झोन ४४. बीड, लातूर ४३ मध्ये, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. क्यूजीआयएसमध्ये त्यांचे ईपीएसजी क्रमांक (प्रक्षेपणांना दिलेले सांकेतिक क्रमांक) ३२६४३ आणि ३२६४४. स्वेलेंडॅमच्या धड्यात हे तुम्हाला कोण सांगणार?

दुसरं, नावांची जुळणी. २०११ च्या जनगणनेचा तक्ता जिल्ह्यांच्या नकाशाला जोडायला घेतलात तर काही जिल्हे कोरे राहतात. तक्त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद असतं, नव्या नकाशात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. पालघर तर तक्त्यात नाहीच, कारण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. गावांच्या पातळीवर स्पेलिंगचे प्रकार मोजता येत नाहीत इतके. म्हणून जोडणी नावावर कधीच करू नका, जनगणनेच्या सांकेतिक क्रमांकावर करा. आणि पालघरसारख्या ठिकाणी क्रमांकही पुरत नाही, तिथे तालुक्यांची बेरीज करून जुना ठाणे जिल्हा पुन्हा उभा करावा लागतो.

तिसरं आपल्या लिपीचं, आणि याबद्दल कोर्समध्ये सहसा काही नसतं. शेपफाइल या नकाशाच्या डेटाच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याच्या नावाला १० बाइटांचीच जागा असते. युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे ‘तालुका’ एवढा शब्दही पुरा मावत नाही. आतला मजकूरही एन्कोडिंग चुकलं की प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतो. पहिल्या दिवसापासून सगळं जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात साठवा, तिथे मराठी सुखरूप राहतं. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या हाती आल्या तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पहिलं मोठं काम म्हणून स्वतःच्या गावाचा पाणलोट काढा. एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून केलेल्या मोजणीचा, उंचीचा डेटा मोफत मिळतो. क्यूजीआयएसमधूनच ग्रास जीआयएस या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरची टूल चालतात, हे ग्रास १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालं आणि आज कुणालाही खुलं आहे. त्याने प्रवाहाच्या रेषा निघतात, मग गावाखालचा एक बिंदू देऊन वरचं पाणलोट क्षेत्र निघतं. तो नकाशा छापा आणि शिवारात घेऊन जा. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे आणि एक चौकोन साधारण ३० मीटरचा, म्हणून नंतरचे बंधारे, शेततळी त्यात दिसणार नाहीत. काळ्या जमिनीच्या सपाट पट्ट्यात प्रवाहाच्या रेषा सरळसोट समांतर निघतात, प्रत्यक्षात नाला तिथून वाहत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की पाणी कुठून फिरतं ते लगेच कळतं. संगणकाने काढलेल्या रेषेवर किती विश्वास ठेवायचा, हे मला अशा फेऱ्यांमधूनच समजत गेलं, आणि या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे.

पायथनची घाई करू नका. त्याची गरज आपोआप भासते, एकच काम पुन्हापुन्हा करावं लागतं तेव्हा. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. प्रत्येकासाठी उपग्रह प्रतिमा कापायची, वनस्पती निर्देशांक (हिरवळ किती ते सांगणारा आकडा) काढायचा, फाइलला नाव द्यायचं, हे हाताने करताना माणूस कंटाळतो आणि चुकतो. तेव्हा क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग मेनूमधला हिस्टरीचा फलक उघडा. तुम्ही माउसने चालवलेल्या प्रत्येक टूलची पायथनमधली ओळ तिथे लिहिलेली असते. ती उचला, पायथन कन्सोलमध्ये टाका, फाइलचं नाव बदलून चालवा. मग तिच्याभोवती लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायची सूचना, घाला. कोडिंग म्हणजे काहीतरी वेगळं आणि अवघड ही भीती माझ्या मनातून त्या एका ओळीने घालवली. त्यानंतर लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन एवढा पाया घालून जिओपांडाज आणि रास्टेरिओ या पायथनच्या नकाशाकामाच्या लायब्रऱ्यांकडे जा. इन्स्टॉल करताना अडलं तर तूर्त ब्राउझरमध्येच पायथन चालवणारं गूगलचं कोलॅब वापरा. एरर आली की सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा, बहुतेक वेळा कारण तिथेच असतं.

नोकरीचं विचारलंत. बऱ्याच कार्यालयांत आजही आर्कजीआयएस हे विकतचं सॉफ्टवेअर चालतं, पण प्रोजेक्शन, जोडणी, रास्टरची (उंचीसारख्या चौकोनी जाळीच्या डेटाची) आकडेमोड या गोष्टी तिथेही त्याच आहेत. मुलाखतीत प्रमाणपत्र दाखवा, जरूर दाखवा. पण सोबत तुमच्या गावाच्या पाणलोटाचा नकाशा, तो कसा केला याचं पानभर टिपण आणि कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर असू द्या. आम्ही नवीन माणूस घेताना तेच आधी उघडतो.

क्यूजीआयएसची दीर्घकालीन आवृत्ती, म्हणजे एलटीआर, उतरवून घ्या, रोज नवं येतं त्याच्या मागे लागू नका. आणि तुमचा तालुका कोणता ते खाली लिहा, झोन आणि उंचीच्या डेटाची फाइल कोणती लागेल ते सांगते.